मोठे सर, छोटे सर आणि लाँड्रीवाल्या काकू

फुटबॉलच्या मैदानाच्या मागच्या अंगाला, तिकीटखिडकीपासून चौथ्या गाळ्यात काकूंची लाँड्री होती. काकू बेताच्या उंचीच्या, पण मनगटं पैलवानाची, आणि जीभ इस्त्रीपेक्षा कांकणभर जास्तच तापलेली. दुकान नवराबायको दोघांचं. काका मागच्या खोलीत मशिनवर कपडे धुवायचे, काकू पुढच्या टेबलावर इस्त्री करायच्या. मशिनच्या घरघरीत इतकी वर्षं काढल्यामुळे काकांना ऐकू कमी यायचं. बोलणं तर त्यांनी त्याच्याही आधीच कमी केलं होतं. कोणी विचारलंच तर काकू सांगायच्या, "आमच्यात वाटणी झालीय. धुणं त्यांचं, बोलणं माझं."

शहराच्या संघाचे कपडे गेली पंचवीस वर्षं त्यांच्याकडेच यायचे. शनिवारी सामना, सोमवारी सकाळी दोन भल्यामोठ्या पिशव्या दारात. जर्सी, चड्ड्या, मोजे, टॉवेल. काका मशिनमध्ये टाकायच्या आधी काकू एकेक कपडा उलगडून डाग बघायच्या, कारण चिखलाला वेगळा साबण लागतो, गवताच्या हिरव्या डागाला वेगळा, आणि रक्त असेल तर गार पाण्याशिवाय गत्यंतर नाही. पंचवीस वर्षं असं बघून बघून काकूंना कपडे वाचता यायला लागले होते. कोण घसरून चेंडू अडवतो, कोण नुसता हात वर करून पंचांकडे बघतो, कोणाच्या पाठीवर घाम वाळून मिठाचे पांढरे नकाशे उमटलेत आणि कोणाचा शर्ट बाहेर काढला तसाच परत आलाय, सगळं त्या टेबलावर कळायचं.

आणि त्या वर्षांत संघाची अवस्था म्हणजे आनंदीआनंद होता. दर हंगामात लीगच्या तळाशी, कधी शेवटून दुसरा, कधी शेवटून पहिला. मोठे सर म्हणजे मुख्य प्रशिक्षक. भला माणूस, भारदस्त आवाजाचा, पण पराभवाची त्यांना इतकी सवय झाली होती, की सामना संपायच्या आधीच ते कोटाची बटणं लावायला घ्यायचे.

अशात एका सोमवारी पिशव्या घेऊन नेहमीचा शिपाई आलाच नाही. त्याच्या जागी एक सडसडीत, पस्तिशीतला माणूस लंगडत आला. पिशव्या खाली ठेवल्या, न विचारता स्टुलावर बसला आणि गुडघा चोळायला लागला.

"नवे शिपाई का?" काकूंनी विचारलं.

"सहायक प्रशिक्षक," तो म्हणाला. "पण शिपाई आजारी आहे, तेव्हा आज शिपाईपण."

तेच छोटे सर. गुडघा फुटेपर्यंत खेळले होते, आणि फुटल्यावर शिकवायला लागले होते. काकूंनी पहिली पिशवी उघडली, सवयीने एकेक जर्सी झटकली आणि सहा नंबरची हातात येताच त्यांची जीभ सुटली.

"हा शर्ट न धुताच परत नेलात तरी चालेल. नुसती घडी घालून देते."

छोट्या सरांचा गुडघ्यावरचा हात थांबला. "म्हणजे?"

"म्हणजे काय म्हणजे? नव्वद मिनिटं मैदानात होता ना हा? मग बघा की. कॉलरला सुद्धा घाम नाही. आणि हा दोन नंबर बघा, बिचारा. डावी बाजू सगळी हिरवी. स्वतःचंही काम करतोय, सहाचंही करतोय."

छोटे सर उठून टेबलापाशी आले. दोन नंबरची जर्सी त्यांनी हातात घेतली, उलटी केली, सुलटी केली. मग म्हणाले, "काकू, पुढच्या सोमवारी मीच येतो. शिपाई बरा झाला तरी."

आणि आले. दर सोमवारी येत राहिले. दहा मिनिटं बसायचे, काकू कपडे दाखवायच्या, ते ऐकून घ्यायचे. गोलकीपरच्या फक्त उजव्या कोपराचं कापड विरलंय, म्हणजे गडी डावीकडे झेपच घेत नाही, हे काकूंनीच त्यांना दाखवलं. राखीव खेळाडूंच्या चड्ड्यांवर बाकाच्या रंगाशिवाय कसलाच डाग नसतो, हेही. पुढे राखीव खेळाडू सामना संपल्यावर मैदानाला फेऱ्या मारताना दिसायला लागले, आणि त्यांच्या कपड्यांनाही घामाचा वास यायला लागला. काकूंना त्या वासाचं कोण कौतुक!

मध्ये एकदा मात्र भलतंच झालं. सहा नंबरवाल्याला दोन सामने बाहेर बसवलं. तो पोरगा दुकानात आला, स्वतःचे दोन शर्ट घेऊन, तोंड एवढंसं करून. "आईला सांगितलंय पाय दुखतोय म्हणून," तो म्हणाला. "खरं काय ते तिला सांगवत नाही." काकूंनी त्याचे शर्ट स्वतः हाताने धुतले, तिथल्या तिथे इस्त्री करून दिले आणि पुढच्या सोमवारी छोट्या सरांसमोर पिशवी उघडलीच नाही.

"आज नाही?"

"आजही नाही, उद्याही नाही. मी कपडे धुते, चहाड्या करत नाही. माझ्या तोंडामुळे त्या लेकराच्या पोटावर पाय आला."

छोट्या सरांनी स्टूल टेबलाजवळ ओढलं. "बसवलं मोठ्या सरांनी," ते म्हणाले. "मी बसवा म्हटलं नव्हतं. पण मी त्याला रोज सकाळी सगळ्यांच्या अर्धा तास आधी बोलावतोय. येतोय तो. तुम्ही दोन आठवड्यांनी त्याचा शर्ट बघा, मग काय बोलायचं ते बोला."

दोन आठवड्यांनी सहा नंबरची जर्सी आली ती छातीपासून बेंबीपर्यंत चिखलात माखलेली. काकूंनी ती काकांच्या नाकासमोर धरली. काकांनी चष्मा वर केला, जर्सी बघितली आणि म्हणाले, "दोनदा धुवावी लागेल." त्यांच्या तोंडून ही मोठीच दाद होती.

तेव्हापासून संघ वर चढायला लागला. तळातून बाहेर, मग मधोमध, आणि दुसऱ्या वर्षी हंगाम अर्ध्यावर असताना चक्क चौथा. आणि संघ वर चढला तसा लाँड्रीतल्या बाकावरचा वादही चढला.

बाकावर दोघं कायमचे. एक पोस्टमन, वाटप संपलं की पिशवी खुंटीला अडकवून इथे टेकायचा. दुसरे हवामान खात्यातून निवृत्त झालेले एक गृहस्थ. त्यांना सगळे 'वेधशाळा' म्हणायचे. वेधशाळेचं मत, ही सगळी छोट्या सरांची करामत. पोस्टमनला ते साफ नामंजूर.

"आकडे बोलतात," वेधशाळा म्हणायचे. "मध्यंतरानंतर खाल्लेले गोल, दोन वर्षांपूर्वी एकवीस. यंदा आठ. मोठे सर तेच, मैदान तेच. बदललं काय? सहायक!"

"तुमच्या आकड्यांवर भरवसा ठेवून मी एकदा छत्री घरी ठेवली होती," पोस्टमन म्हणायचा. "पिशवीभर पत्रांचा लगदा झाला. अहो, साधी गोष्ट आहे. पत्र दारात कोण आणून देतो? मी. म्हणून पत्र मी लिहिलं असं होतं का? छोटे सर पोस्टमन. लिहिणारे मोठे सर."

"लिहिणाऱ्याने आधी दहा वर्षं काय लिहिलं मग? कोरे कागद?"

"शाई मिळायला वेळ लागतो!"

काकू इस्त्री फिरवत ऐकायच्या. सोमवारच्या दहा मिनिटांबद्दल त्यांनी कोणाला अवाक्षर सांगितलं नव्हतं. सहा नंबरच्या प्रकरणानंतर तर नाहीच. पण मनातून त्या छोट्या सरांच्या बाजूच्या, आणि घरी जेवताना ते बाहेर पडायचंच.

"एवढा राबतो तो माणूस, आणि पेपरात फोटो मोठ्या सरांचा!"

काका घास गिळायचे, पाणी प्यायचे आणि एवढंच विचारायचे, "राबू कोणी दिलं?"

"म्हणजे?"

काका पुढे बोलायचे नाहीत. काकूंचा जीव वरखाली व्हायचा. भांडायला माणूस समोर असावा आणि त्याने भांडू नये, यासारखी शिक्षा नाही.

मग ग्रह फिरले. संघ लागोपाठ पाच सामने हरला. एकाचा घोटा गेला, एकाची पेनल्टी खांबाला लागली, एकदा स्वतःच्याच गोलात चेंडू गेला. कारणं काही का असेनात, पाच ते पाच. लोकांना मानेवर सुरी ठेवायला कोणीतरी लागतंच. मोठ्या सरांना हात लावायची कोणाची छाती नव्हती, तेव्हा सगळे छोट्या सरांवर घसरले. एका म्यानात दोन तलवारी कशा राहतील, पोरांच्या डोक्यात हा एक सांगतो तो दुसरं, सकाळी अर्धा तास आधी बोलावून पोरांना दमवून टाकलंय. ज्यांनी दोन महिन्यांपूर्वी छोट्या सरांना खांद्यावर घ्यायचं बाकी ठेवलं होतं, तेच आता नाक मुरडायला लागले. पोस्टमनने मात्र जिंकल्यावरचं आपलं बोलणं हरल्यावर फिरवलं नाही, हे कबूल करायला हवं. तो म्हणाला, "पत्रात वाईट बातमी आली म्हणून पोस्टमनला मारायचं नसतं."

क्लबच्या समितीने सोमवारी संध्याकाळी पाच वाजता सभासदांची बैठक लावली. विषय एकच, सहायक प्रशिक्षक ठेवायचा की नाही.

त्या सोमवारी सकाळी पिशव्या आल्या. छोटे सर आले नव्हते, शिपाई आला. काकूंनी कपडे उलगडले, एकेक करून सगळे बघितले आणि पुन्हा पिशवीत भरले. मागून काकांचा आवाज आला, "मशिन रिकामं आहे."

"राहू दे आज रिकामं."

पाचच्या ठोक्याला काकू क्लबच्या सभागृहात शिरल्या. एक पिशवी त्यांच्या खांद्यावर, दुसरी काकांच्या. काकांना काय चाललंय ते कोणी सांगितलं नव्हतं आणि त्यांनी विचारलंही नव्हतं. आत साठसत्तर माणसं, समोर टेबलामागे अध्यक्ष आणि समिती, बाजूच्या खुर्च्यांवर दोन्ही सर, भिंतीला टेकून खेळाडू उभे. छोटे सर जमिनीकडे बघत होते. अध्यक्षांनी "प्रास्ताविक करतो" एवढं म्हणेपर्यंत काकूंनी पिशवी त्यांच्या टेबलावर रिकामी केली.

काय वास सुटला! दोन दिवस बंद पिशवीत राहिलेला अकरा जणांचा घाम आणि चिखल. अध्यक्षांनी रुमाल नाकाला लावला, कागद बाजूला ओढले. "काकू, हे काय? हे धुवायला दिलेत ना?"

"धुवीन. आधी बघा. तुम्ही सामना लांबून बघता, मी जवळून बघते." त्यांनी एक जर्सी उचलली. "हा दोन नंबर. बघा, कमरेपासून खांद्यापर्यंत चिखल. हा गोलकीपर. दोन्ही कोपरं फाटलीत, दोन्ही! हा बारा नंबर, वीस मिनिटं खेळला, आणि शर्ट पिळला तर तांब्याभर पाणी निघेल. पंचवीस वर्षं मी या संघाचे हरलेले कपडे धुतलेत. हरणाऱ्यांचे कपडे कसे असतात ते मला विचारा. स्वच्छ असतात! हे कपडे हरणाऱ्यांचे नाहीत. पाच सामने हरले असतील. पण कोणी हात टेकलेले नाहीत."

सभागृह शांत झालं. काकूंनाच त्या शांततेची भीती वाटली, आणि भीती वाटली की त्यांची जीभ आणखी सुटायची.

"आणि यांना काढायचं तर मलाही काढा. कोणाचा शर्ट कोरा येतो ते दर सोमवारी यांना मीच सांगत होते. सहा नंबरचा पहिला सांगितला."

बोलून गेल्यावर त्यांनी जीभ चावली. सहा नंबरवाला भिंतीपाशीच उभा होता. सगळ्या माना तिकडे वळल्या. पोराने आधी काकूंकडे बघितलं, मग छोट्या सरांकडे.

"म्हणजे ते तुम्ही होतात?" तो म्हणाला. "आणि मी दोन वर्षं गोलकीपरवर डूख धरून बसलोय! त्याच्याशी धड बोलतसुद्धा नाही!"

"तरीच!" गोलकीपर ओरडला, आणि सगळं सभागृह हसायला लागलं. अध्यक्षांचा रुमाल नाकावरून खाली आला. काकूंच्या डोळ्यांत मात्र पाणी आलं होतं. तो पोरगा पुढे आला, टेबलावरची आपली चिखलाने कडक झालेली जर्सी त्याने उचलली आणि काकूंच्या हातात दिली. "ही तरी चालेल ना?"

"दोनदा धुवावी लागेल," काकू म्हणाल्या आणि पदराने डोळे पुसले.

मग मोठे सर उठले. त्यांना भाषणाची हौस होती, पण त्या दिवशी ते फार बोलले नाहीत. "मी बावीस वर्षं शिकवतोय," ते म्हणाले. "त्यातली वीस वर्षं मला कोणी चूक आहात म्हणालं नाही. हा दर मंगळवारी म्हणतो. मला राग येतो. घरी जाऊन जेवतही नाही कधीकधी. पण बुधवारी मी त्याचं ऐकतो. तुम्ही त्याला काढलंत, तर मी पुन्हा बरोबर ठरायला लागेन, आणि मग काय होतं ते तुम्ही बघितलंय."

छोट्या सरांना हंगाम संपेपर्यंत ठेवायचं ठरलं. पुढचा सामना बरोबरीत सुटला, मग तीन जिंकले, दोन हरले. शेवटी संघ सहावा आला. चषक नाही, मिरवणूक नाही. पण हंगामाच्या शेवटी सहावा म्हणजे त्या गावाने कधी बघितला नव्हता असा नंबर.

बैठकीच्या त्या संध्याकाळी घरी येताना काकू अर्ध्या वाटेत थांबल्या. मग म्हणाल्या, "अहो, तुम्ही म्हणायचात ना, राबू कोणी दिलं? आज कळलं."

काकांनी पिशवी या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतली. "लवकर कळलं," ते म्हणाले.

पुढच्या वर्षी छोटे सर गेले. एका मोठ्या शहरातल्या संघाने त्यांना मुख्य प्रशिक्षक म्हणून बोलावलं. जायच्या दिवशी दुकानात आले, तर काकू त्यांच्यावर ओरडल्याच. एवढ्या लांब जायचं, गुडघ्याला पट्टा घेतलाय का, तिथे कपडे कोण बघणार. ते नुसते हसत राहिले. गेल्यावर काकूंनी एका चादरीवर इस्त्री जरा जास्तच वेळ ठेवली, आणि पंचवीस वर्षांत पहिल्यांदा त्यांच्या हातून कापड जळलं.

छोटे सर गेल्यावर आपला संघ कोसळेल, असा वेधशाळेचा अंदाज. तो कोसळला नाही. सातवा-आठवा राहिला. पोस्टमन म्हणाला, बघा, पत्र लिहिणारा अजून इथेच आहे. वेधशाळा म्हणाले, जुन्या पुण्याईवर चाललंय. वाद चालू राहिला.

आणि मग छोट्या सरांचा नवा संघ इथे खेळायला आला. शुक्रवारी दुपारी त्यांनी पलीकडच्या मैदानात सराव केला, हॉटेलातलं मशिन नेमकं बिघडलं आणि त्यांच्या सरावाच्या कपड्यांच्या पिशव्या काकूंच्या दारात आल्या. काकूंनी कपडे उलगडले आणि खुर्चीत बसल्या. राखीव खेळाडूंसकट एकही कपडा कोरा नव्हता.

"उद्या आपलं काही खरं नाही," त्या म्हणाल्या.

"सांगायचं का मोठ्या सरांना?" काकांनी विचारलं.

"छे! आपल्या पोरांचं आपल्या माणसाला सांगणं वेगळं. हे गिऱ्हाइकाचं कापड. डॉक्टर सांगत फिरतो का, कोणाला काय झालंय ते?"

शनिवारी पाहुण्यांनी मध्यंतराआधीच एक गोल केला. पोस्टमनचा चेहरा पडला. पण दुसऱ्या अर्ध्यात आपल्या पोरांनी एक फेडला, आणि अखेरच्या मिनिटांत कॉर्नर मिळाला. चौघं जण एका ओळीत पळाले, अचानक फुटले, आणि मागून दोन नंबरने डोक्याने चेंडू जाळ्यात घातला. मैदानातल्या आरोळीने लाँड्रीच्या भिंती हादरल्या. काकांनासुद्धा ऐकू आलं.

तासाभरात छोटे सर कपडे न्यायला स्वतः आले. मागोमाग पोस्टमन आणि वेधशाळाही टपकले, कारण हा मोका कोण सोडणार?

"माझाच कॉर्नर मलाच मारला," छोटे सर कपाळाला हात लावून म्हणाले. "त्या चौघांना तो मीच शिकवलाय. दोन महिने!"

"ऐकलंत?" वेधशाळा उसळले. "इथे नाहीत तरी यांनीच जिंकून दिलं!"

"आणि ऐन वेळी तो मारायला लावला कोणी?" पोस्टमन गरजला. "शिकवणारा समोरच्या बाकावर बसलाय हे माहीत असताना? याला जिगर लागते!"

दोघांची जुंपली ती जुंपलीच. काकूंनी त्यांच्याकडे पाठ केली आणि छोट्या सरांच्या पिशवीत घड्या ठेवायला लागल्या.

"कसं चाललंय तिकडे? खरं सांगा."

"बरं चाललंय." ते स्टुलावर बसले. "फक्त माझा सहायक आहे ना, तो फार चांगला आहे. मी म्हणेन त्याला हो म्हणतो. दोन वर्षांत एकदाही नाही म्हणाला नाही."

"मग बदला त्याला."

"मन होत नाही. गुणी आहे."

"मग लग्न करा," काकू म्हणाल्या. "एक तरी माणूस नाही म्हणणारं हवं. आमच्याकडे बघा. हे नाही म्हणत नाहीत, पण गप्प असे बसतात, की मलाच माझी चूक शोधत बसावं लागतं."

छोटे सर इतके हसले, की बाकावरचे दोघे भांडायचे थांबून बघायला लागले. काकांनी मागच्या खोलीतून डोकं बाहेर काढलं, काय झालं ते काही विचारलं नाही, आणि चौघांसाठी चहा टाकायला आत गेले.